अनागताची तयारी

स्वातंत्र्याची शताब्दी २०४७ साली साजरी होईल. त्या वर्षापर्यंत भारत विकसित राष्ट्रांच्या पंक्तीला बसलेला असावा, असा संकल्प केंद्र शासनाने जाहीर केला आणि राज्यांच्या, विभागांच्या, जिल्ह्यांच्या पातळीवर आराखड्यांची लगबग सुरू झाली. संकल्पाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मोठे राष्ट्र मोठे स्वप्न पाहणारच. प्रश्न आहे तो आराखड्यांच्या घडणीचा. त्यांतील बहुतेक आराखडे एकाच सरळ रेषेवर चालतात. आज अमुक उत्पन्न, दरसाल अमुक टक्के वाढ, म्हणून २०४७ मध्ये तमुक. या रेषेवर पाऊस वेळेवर पडतो, कीड औषधाला दाद देते, परदेशातील बाजार आपले भाव सांभाळून असतात आणि गावातील तरुण गावातच राहतात. यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही कास्तकारापुढे ही रेषा ठेवली, तर तो नुसता हसेल.

सोळा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार लोकवस्तीचा हा जिल्हा. राज्याला वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री त्याने दिले. पोटात वणीचा कोळसा आहे, मुकुटबनच्या बाजूला चुनखडी आहे, टिपेश्वरच्या रानात वाघ आहेत आणि काळ्या मातीत पऱ्हाटी आहे. तरीही गेली पंचवीस वर्षे देशाने यवतमाळचे नाव ऐकले ते प्रामुख्याने शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून. असे का झाले, याची उत्तरे देणारे अहवाल विपुल आहेत. पुढे काय काय होऊ शकते, याचा शिस्तीने विचार करणारा अहवाल मात्र शोधूनही सापडणे कठीण.

शिस्तीने विचार म्हणजे भाकीत नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. भाकिताची वऱ्हाडाला सवय आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे घटातील धान्य, पाणी, पापड-कुरडया पाहून पाऊसपाण्याचे, पिकांचे, अगदी राजकारणाचेही अंदाज सांगितले जातात. शेतकरी ते श्रद्धेने ऐकतात. हवामान खात्याचा अंदाजही एका अर्थी त्याच जातीचा. साधने तेवढी वेगळी. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळते. संभाव्य भविष्यचित्रांची जी पद्धत जगात गेल्या साठ-सत्तर वर्षांत विकसित झाली, ती एक उत्तर देतच नाही. परस्परांहून भिन्न, परंतु प्रत्येकी घडू शकतील अशी तीन-चार चित्रे ती रंगवते आणि प्रत्येक चित्रापुढे एकच प्रश्न ठेवते: हे खरे ठरले, तर आज हाती घेतलेला निर्णय टिकेल काय?

या पद्धतीचा उगम युद्धशास्त्रात आहे. तिला व्यवहारात प्रतिष्ठा मिळाली ती शेल या तेल कंपनीत. स्वस्त तेलाचे युग चालूच राहणार, असे सारे जग धरून चालले असताना पिएर वॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तेलउत्पादक देश एकजुटीने भाव चढवतील, असेही एक चित्र संचालकांपुढे ठेवले. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि इतर कंपन्या गोंधळात असताना शेलला निदान काय घडते आहे हे कळत होते. वॅकने ना युद्धाची तारीख सांगितली होती, ना भावाचा आकडा. त्याने फक्त डोळ्यांवरची झापडे दूर केली होती.

राष्ट्राच्या जीवनात या पद्धतीचा सर्वांत बोलका प्रयोग झाला तो दक्षिण आफ्रिकेत. नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले होते. निवडणुका अजून व्हायच्या होत्या आणि देश यादवीच्या कड्यावर उभा होता. १९९१-९२ मध्ये केपटाऊनजवळील माँ फ्लर येथे बावीस जण एकत्र बसले. त्यांत कृष्णवर्णीय चळवळीतील कार्यकर्ते होते, गोरे उद्योगपती होते, कामगार नेते आणि अर्थतज्ज्ञही होते. त्यांनी देशाची चार भविष्ये रंगवली आणि त्यांना उडणाऱ्या-न उडणाऱ्यांची नावे दिली. वाळूत मान खुपसून वाटाघाटी टाळणारे शहामृग, कमकुवत तडजोडीचे लंगडे बदक, सत्ता मिळताच तिजोरी उधळून सूर्याकडे झेपावणारा आणि कोसळणारा इकारस, आणि सावकाश पण थव्याने उडणारे रोहित पक्षी. इकारस ग्रीकांचा, आपल्याकडे हीच कथा संपातीची आहे. या बैठकांतील ट्रेव्हर मॅन्युएल पुढे त्या देशाचे अर्थमंत्री झाले, टिटो म्बोवेनी मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले, आणि नव्या सरकारने तिजोरीची जी शिस्त पाळली, तिच्यामागे इकारसच्या त्या चित्राचा वाटा होता, असे मानले जाते. एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे भूतकाळावर भांडत राहतात. उद्याविषयी बोलायला बसवले, तर निदान एका पाटावर बसतात.

भारतात हा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. जागतिक आर्थिक मंच आणि भारतीय उद्योगांच्या महासंघाने २००५ मध्ये भारताची २०२५ पर्यंतची तीन चित्रे प्रसिद्ध केली होती: ‘बॉलीवर्ल्ड’, ‘अटकता भारत’ आणि ‘पहले इंडिया’. पहिल्यात शहरी चकचकाट आणि मागे पडलेली शेती, दुसऱ्यात सर्वच आघाड्यांवर खोळंबा, तिसऱ्यात ग्रामीण भागाला सोबत घेऊन झालेली वाढ. ज्या २०२५ चा वेध घ्यायचा होता ते सालही येऊन उभे राहिले, आणि तिन्ही चित्रांचे तुकडे या देशात शेजारी शेजारी नांदताना दिसले. पुढे अरुण मायरा यांच्या पुढाकाराने बाराव्या पंचवार्षिक योजनेत तीन चित्रे आली. नौकांचा ताफा एकदिलाने पुढे सरकतो आहे, देश कसाबसा रेटत चालला आहे, आणि सारेच विस्कटते आहे. २०१५ च्या १ जानेवारीला नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. चित्रे कागदावर राहिली. खरे तर आयोग राहिला असता तरी ती कागदावरच राहिली असती. कारण ती दिल्लीत बसून दिल्लीसाठी काढलेली होती. घाटंजीच्या किंवा केळापूरच्या कास्तकाराला त्या ताफ्यात आपली नाव कोणती, हे कोणी सांगितले नाही.

आता यवतमाळच्याच एका घटनेवर ही पद्धत घासून पाहावी. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही विक्रेत्यांवर कारवाई झाली, मदत जाहीर झाली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली आणि जे वाचले त्यांचे पीकही गेले. त्या वेळी सर्वांच्या तोंडी एकच शब्द होता: अनपेक्षित. तो खरा होता काय?

बीटी कपाशीला २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीचा बंदोबस्त झाला, फवारण्या घटल्या, उत्पादन वाढले. हा लाभ खोटा नव्हता. परंतु गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने पहिल्या पिढीच्या बीटीला प्रतिकार केल्याचे खुद्द बियाणे कंपनीनेच २०१० मध्ये मान्य केले. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या पिढीच्या वाणांबाबतही तेच घडले. म्हणजे यवतमाळच्या सात वर्षे आधी इशारा मिळालेला होता. हंगाम लांबवून फरदड घेतली की अळीला वर्षभर घर मिळते, हे कृषी विद्यापीठे सांगत होती. सीमेवर लावायच्या बिगर-बीटी बियाण्याची पाकिटे बांधावरच पडून राहतात, हे प्रत्येक कृषी केंद्रवाल्याला ठाऊक होते. दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची रीत पडली होती. फवारणीचे पंप यांत्रिक झाले होते, त्यामुळे तुषार अधिक बारीक आणि अधिक दूर जात होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली, तर फवारणाऱ्याच्या तोंडावरच विष येणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आणि दमट उकाड्यात हातमोजे, मुखपट्टी, चष्मा घालून कोणी काम करीत नाही. बहुतेकांकडे ती साधने नव्हतीच.

यांतील एकेक गोष्ट कोणाला ना कोणाला माहीत होती. कीटकशास्त्रज्ञाला अळी माहीत होती, दुकानदाराला औषधांचे मिश्रण, डॉक्टरला विषाची लक्षणे, मजुराला पंपाचा भार. ही सारी माणसे एका खोलीत बसून ‘समजा, अळीने बीटीला जुमानले नाही आणि त्याच वर्षी पऱ्हाटी उंच वाढली, तर?’ हा प्रश्न कधी विचारला गेला नाही. तो २०१४ किंवा २०१५ मध्ये विचारला गेला असता, तर तारीख कळली नसती; परंतु ग्रामीण रुग्णालयांत उताऱ्याची औषधे आधी पोहोचली असती, मजुरांच्या अंगावर साधने आली असती. इतके पुरेसे होते.

पाण्याचेही तेच. यवतमाळ शहराची तहान निळोणा आणि चापडोह या जलाशयांवर अवलंबून. २०१७ चा पाऊस कमी झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी लोकांनी पाण्यासाठी रात्री जागवल्या. बेंबळा प्रकल्पावरून जलवाहिनी आणण्याच्या कामाला तेव्हा घाई आठवली. पाच वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, याच जिल्ह्यातील महागाव तालुक्यात पुराने आनंदनगर तांड्याला वेढा घातला आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरना पाचारण करावे लागले. सरासरी पाहावी तर वर्षाला सुमारे नऊशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे चांगलाच. परंतु सरासरीवर कोणी पेरणी करीत नाही.

विदर्भाच्या विकासाची चर्चा अनेक दशके ‘अनुशेष’ या एका शब्दाभोवती फिरत आली आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो मोजला, केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा हिशेब मांडला. हिशेब न्याय्य होता आणि मागणीही न्याय्य होती. मात्र अनुशेष ही मुळात मागच्या उधारीची वही आहे. ती पाहून उद्याचा बाजार करता येत नाही. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात शेतकऱ्यांना दुभत्या गायी देण्याची योजना होती. कोरडवाहू मुलखात चारा कुठून येणार, दूध कोण गोळा करणार, याचा विचार नंतर झाला आणि अनेक गायी बाजारात परत गेल्या. पुढे २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफ्या झाल्या. दुखण्यावर उतारा वेळोवेळी मिळाला. वैद्याने पुढच्या ऋतूचा विचार केला नाही.

मग २०४७ च्या यवतमाळची चित्रे कशी असू शकतील? ती रंगवण्याचे काम जिल्ह्याचेच आहे. येथे केवळ दिशा सुचवता येते. दोन गोष्टींवर सारे अवलंबून राहील असे दिसते. एक, कापसाच्या बाजाराची लहर. २०२२ च्या पूर्वार्धात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लादला आणि केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. गिरण्यांना त्यामुळे दिलासा मिळाला, पऱ्हाटीवाल्याच्या पोटात गोळा आला. वॉशिंग्टनमधील एक सही आणि दिल्लीतील एक अधिसूचना, आणि दोन्हींचा हिशेब पांढरकवड्याच्या बाजार समितीत. दुसरी गोष्ट, गावाची आपली ताकद: माती, पाणी, संघटन आणि मूल्यवृद्धी गावापाशी किती राहते.

या दोहोंच्या गुणाकारातून एक चित्र असे निघते की बाजार पडतो आणि गावही पोकळ होते. विहिरी खोल जातात, खेडा खरेदीवाला सांगेल तो भाव, तरुण पुण्या-नागपुरात रखवालदारी करतात, शेत मक्त्याने जाते आणि तांड्यांवर, पोडांवर म्हातारी माणसे उरतात. दुसऱ्या चित्रात बाजार तेजीत असतो. पण लाभ जिल्ह्याबाहेर जातो. हे चित्र नवे नाही. मूर्तिजापूर-यवतमाळची ‘शकुंतला’ रेल्वे इंग्रजी कंपनीने बांधली ती इथला कापूस मँचेस्टरकडे वाहून नेण्यासाठीच. तिची चाके थांबली, कच्चा माल बाहेर जाण्याची रीत थांबली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. पूर्ण मार्ग झाल्यावर त्यावरून जिल्ह्याबाहेर गठाणी जातील, की सूत आणि कापड जाईल, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नाही. अमरावतीत वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २०२४ मध्ये झाली, यवतमाळजवळ डेनिमचा कारखाना आहे. धागा जुळवायला जागा आहे.

तिसऱ्या चित्रात बाजार कोसळला तरी गाव उभे राहते. छोटी गुजरी येथील सुभाष शर्मा यांनी रसायने सोडून माती आणि पाणी धरून ठेवणारी शेती करून दाखवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका माणसाचे उदाहरण म्हणजे जिल्ह्याचे धोरण नव्हे, आणि प्रत्येक कास्तकाराला तेवढी जमीन, तेवढे धैर्य असत नाही. पण हे चित्र अशक्य नाही, एवढा पुरावा त्यातून निश्चित मिळतो. चौथे चित्र सर्वांना हवे असलेले आहे. ते येथे रंगवण्याची गरज नाही. सरकारी पुस्तिकांत ते आधीच चार रंगांत छापलेले आहे.

या विचारावर एक आक्षेप हमखास येईल. अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते! घरात ही मर्यादा ठीक आहे. राज्यकारभारात कौटिल्याने ती पाळलेली नाही. अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशू, साप आणि राक्षस अशी आठ दैवी संकटे त्याने एकामागून एक मांडली आणि प्रत्येकावर राजाने काय करावे ते सांगितले. शेतकऱ्याचीही परंपरा हीच. कपाशीच्या ओळींत तुरीचे तास टाकणारा, सोबत ज्वारी-मूग-उडीद पेरणारा, पेवात दाणा राखणारा वऱ्हाडी कुणबी दोन-तीन भविष्ये मनात धरूनच पेरत होता. कापूस गेला तर तूर, तूर गेली तर ज्वारी, काहीच नाही तर बैलांना कडबा. सबंध वावरात एकच पीक आणि त्यासाठी एकच दुकानदार, ही रीत अलीकडची. पंचतंत्रातील तीन माशांपैकी जो वाचला नाही, त्याचे नाव यद्भविष्य. होईल ते होईल, असे तो म्हणाला होता. प्रत्युत्पन्नमती जाळ्यात सापडूनही मेल्याचे सोंग घेऊन निसटला. आपल्या प्रशासनाची सारी कीर्ती आहे ती याच माशाची, आपत्ती आल्यावरच्या धावपळीची. अनागतविधाता आदल्या रात्रीच तळे बदलून गेला होता.

चित्रे कोणी काढायची, हा मुद्दा चित्रांइतकाच महत्त्वाचा. ७४व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ती बसते तेव्हा बहुधा एकच विषय असतो: कोणत्या तालुक्याला किती निधी. तिला वर्षातून दोन दिवस निधीचा शब्द न काढता बसवावे. त्या बैठकीत झरी-जामणीच्या पोडावरील कोलाम असावा, पुसदच्या तांड्यावरील बंजारा असावा, जिनिंगचा मालक आणि तिथला हमाल असावा, बँकेचा शाखाधिकारी असावा, जिच्या घरचा कर्ता गेला आणि जी आता वावर कसते अशी बाई असावी. अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो. ही माणसे २०४७ मध्येही येथेच असतील, किंवा त्यांची मुले असतील. पक्ष कोणता, हा प्रश्न तेथे दाराबाहेर ठेवावा. माँ फ्लरला ते जमले, तर ज्या मातीत सीतादहीला पहिल्या वेचणीआधी सारे घर वावरात एकत्र जेवते, तिथे न जमण्याचे कारण नाही.

चित्रे काढली की ती फळीवर ठेवायची नसतात. कोणते चित्र जवळ येते आहे, याची चिन्हे पाहत राहावे लागते. डिसेंबर उलटल्यावर किती एकरांत फरदड उभी आहे. मार्चअखेर विहिरींत किती हात पाणी आहे. दिवाळीनंतर आठवीच्या वर्गातून किती मुली कमी झाल्या. जिल्ह्यातील किती कापसाची गठाण जिल्ह्यातच बांधली गेली आणि किती कापूस तसाच आदिलाबादच्या वाटेने गेला. यांतील पहिली नोंद कृषी खात्याकडे असते, दुसरी भूजल सर्वेक्षणाकडे, तिसरी मुख्याध्यापकाच्या हजेरीपटात आणि चौथी बाजार समितीच्या वहीत. या चार वह्या एकाच टेबलावर येण्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पॅकेजही लागत नाही. मृगापूर्वीची एक बैठक पुरते.